सेलूच्या शिबिरातला रोही

सेलू, रविवार, जेवणानंतर

प्रिय किशोर,

नत्थूचा रामराम. जामच्या चौकात तुझी चहाची टपरी आणि टपरीमागे तू, दोघंही ठणठणीत असाल असं धरून चालतो. पिंकीवहिनींना माझा नमस्कार सांग. मागच्या खेपेला त्यांनी खाऊ घातलेल्या पाटोडीच्या रश्श्याची चव अजून जिभेवर आहे असं म्हणणं रीतीला धरून झालं असतं, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटातही होती. थंडी पडली आहे, म्हणजे तुझ्या उजव्या पायातली सळई पहाटे पहाटे बोलायला लागली असेल. तिलाही नमस्कार. (हे वाक्य मी खोडणार होतो, पण खोडलेलं वाक्य माणूस उजेडात धरून आधी वाचतो, म्हणून राहू दिलं.)

आमच्याकडे सगळे बरे. कृषी केंद्रात तुरीवरच्या अळीचा हंगाम जोरात आहे. अळी आहे तोवर माझी नोकरी आहे, त्यामुळे मी तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. वजन वाढलं, केस गेले. फोन खिशात असताना हा कागद कशाला, असं तू वहिनींना विचारशील. तर त्याचं असं आहे, की फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि तू बोललास की मी तुला आवडेल तेच बोलायला लागतो. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलून बोलून जिभेला तशी सवयच लागली आहे. कागद मध्ये बोलत नाही. उद्या सकाळी हिंगणघाटकडे जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्याजवळ हे पत्र देतो आहे. 'टपरीवर चहा मिळेल' असं त्याला सांगितलं आहे, तेव्हा पत्र पोचण्याची चिंता नाही.

तर बातमी अशी, की तुझा मित्र मार्गदर्शक झाला. हसू नको. आठवडी बाजाराच्या मैदानावर या आठवड्यात मोटरसायकल शिकणाऱ्यांसाठी चार दिवसांचं सुरक्षा शिबिर झालं. वर्ध्याची एक संस्था आहे, ती गावोगावी अशी शिबिरं घेते. गावातल्या समितीचे अध्यक्ष अर्थातच बबनराव. (निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं कोणी ऐकत नाही, म्हणून गावाने त्यांना सगळ्या समित्यांचं अध्यक्ष केलं आहे. त्यात घराचंही भलं झालं आणि गावाचंही फारसं बिघडलं नाही.) संस्थेच्या पत्रात लिहिलं होतं की नवशिक्यांसमोर बोलायला गावातला एक अनुभवी अपघातग्रस्त हवा. बबनरावांनी चावडीवर विचारलं, गावात गाडीवरून सगळ्यात जास्त कोण पडलं? मी तिथे नव्हतो, पण सांगणारे सांगतात की तेवढ्यापुरते सेलूतले सगळे पक्ष एक झाले.

अकरा वेळा, किशोर. मीही पहिल्यांदाच नीट मोजलं. दोनदा शेणखताच्या ढिगात, एकदा जिनिंगच्या फाटकासमोर कापसात (ती सगळ्यात सुखाची, उठावंसं वाटेना), एकदा वरातीतल्या घोड्याला वाट देताना नवरीच्या मामावर, आणि बाकीच्या अशाच किरकोळ. आणि या सगळ्यांच्या वर, मंदिराच्या कळसासारखी, आपली ती नऊ वर्षांपूर्वीची कालव्याच्या पुलावरची. बबनराव घरी आले आणि म्हणाले, "नत्थू, तू पडला ते वाया नाई गेलं." आजवर माझ्या आयुष्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी होकार दिला.

शिकवायला आल्या त्या गुंजन मॅडम. वय सव्वीस, उंची बेताची. पहिल्या दिवशी सकाळी त्या हेल्मेट घालून मैदानात फक्कीच्या रेघा ओढत होत्या, तेव्हा बबनरावांनी त्यांना विचारलं, "बाळा, मॅडम कधी येऊन राह्यल्या?" मॅडमनी हेल्मेट काढलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास झाला सर. तुम्हीच उशिरा आलात." त्यानंतर चार दिवस बबनराव त्यांच्याशी शुद्ध भाषेत बोलले.

शिकणारे चौदा जण होते, पण तुला दोघांचीच नावं सांगतो. एक कुंताबाई. वांगी-टमाटरवाल्या, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की वीस वर्षं नवऱ्याच्या मागे बसून टोपली धरली, आता नवऱ्याने टोपली धरावी. (नवरा शिबिराच्या कुंपणाला टेकून चारही दिवस उभा होता. हात आत्तापासूनच रिकामे ठेवले होते.) आणि दुसरे गोमाजी. बोर धरणापलीकडच्या गावचे, घरी गोंडी बोलतात, सगळं आयुष्य जंगलातल्या कामावर गेलं. मुलगा कुंदन नागपूरकडे कंपनीत लागला आणि आपली गाडी घरी ठेवून गेला. ती शिकायला हा साठीचा माणूस रोज पहिल्या एसटीने येऊन सगळ्यांच्या आधी मैदानात हजर व्हायचा. कमी बोलायचा. माझी गोष्ट ऐकताना मात्र पुढे सरकून बसायचा, आणि तेच मला महागात पडलं.

पहिला दिवस माझा होता. माइक हातात आला आणि मी सुरू झालो. डिसेंबरची पहाट, धुकं, मागे शालीत तोंड खुपसून बसलेला जिवलग मित्र, त्याची पोलीस भरती बारा दिवसांवर, त्याला सरावासाठी वर्ध्याच्या मैदानावर नेतो आहे, आणि कालव्याच्या पुलावर, एकाएकी, समोर रोही! किशोर, हा रोही नऊ वर्षं माझ्या तोंडात चरतो आहे. पहिल्या वर्षी तो वासराएवढा होता. तुझ्या लग्नाच्या पंगतीत तो म्हशीएवढा झाला. या शिबिरात त्याने माझ्या हेडलाइटमध्ये शिंग घातलं. मग मी क्षणार्धात निर्णय घेतला, गाडी आडवी झोपवली, मित्राचा पाय मोडला पण जीव वाचला. इथे मी थोडा थांबतो. इथे सगळीकडेच लोक सुस्कारा सोडतात. सेलूनेही सोडला. बबनरावांनी रुमाल काढला. त्यांना इतकं आवडलं की समारोपाला हीच गोष्ट पुन्हा ठेवायची म्हणून त्यांनी मोठा फ्लेक्स करायला टाकला, वर माझा फोटो आणि शेजारी रोही. फ्लेक्सवाल्याला रोही म्हणजे नीलगाय हे माहीत नव्हतं, त्याने ठिपक्यांचं हरीण टाकलं. ते हरीण माझ्याकडे अशा नजरेने बघतं, जसं काही मीच त्याच्या आडवा गेलो.

दुसऱ्या दिवशी गाडीवर बसायचं होतं. मॅडम म्हणाल्या, नत्थूभाऊ अनुभवी आहेत, ब्रेक कसा लावायचा ते तेच आधी दाखवतील. रेघेपर्यंत वेगात यायचं आणि रेघेवर थांबायचं, एवढंच. मी आलो वेगात. रेघही आली, गेली, मग तर्री-पोह्यांचा गाडा आला, आणि पोहेवाल्याने पातेलं उचलून घेतलं म्हणून नाश्ता वाचला. मॅडम चालत चालत तिथवर आल्या. म्हणाल्या, "पुढचा ब्रेक लावलाच नाही तुम्ही." आता तूच सांग, पुढचा ब्रेक आपल्याकडे कोण लावतं? दाबला की माणूस डोक्यावरून जातो हे आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. तो दांडा कंपनीने बोटं ठेवायला दिला आहे अशी माझी एकवीस वर्षांची समजूत. मॅडमचं म्हणणं, गाडी सरळ ठेवायची, दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता पिळत जायचं, आणि नजर लांब. नंतर कुंताबाई आल्या. बैलबंडीच्या वेगात आल्या हे खरं, पण पुढचं चाक बरोबर फक्कीवर. कसं जमलं विचारलं तर म्हणाल्या, "वांग्याच्या वाफ्यातून चालते तं पाय जिथं ठेवाचा तिथंच पाहतो ना आपण? तसंच हाय हे."

कुंताबाईंना पडलेल्या टाळ्या ऐकून मीही गाडीवर बसल्या बसल्या लोकांना हात केला. गाडी उभी होती. बंद होती. डावा पाय खाली टेकवला तिथे खड्डा होता. अशा रीतीने पडण्याची बारावी खेप. मॅडमच्या वहीत ती 'वेग: शून्य' अशी नोंदली गेली आहे. बबनरावांनी सगळ्यांना सांगितलं की हे नत्थूभाऊंनी मुद्दाम करून दाखवलं, आणि मी मान हलवली. पाहिलंस, किती सोपं असतं? मला बोलावंसुद्धा लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशांचा पाठ होता. मॅडम एकेका गाडीपाशी जाऊन आरसे नीट करून देत होत्या. माझ्या गाडीपाशी आल्या. (गाडी तीच आहे, तू ओळखतोस.) उजवा आरसा आत वळलेला, थेट माझ्या तोंडावर. त्यांनी तो पिळून बाहेर फिरवायला बघितला, गंजला होता, मग पान्याने फिरवला. "आता काय दिसतं?" मी म्हटलं, मागचा रस्ता. "आणि इतके दिवस काय दिसायचं?" मी म्हटलं, नट ढिला आहे त्याचा. बाकीचे तेराच्या तेरा जण हसले. गोमाजी हसले नाहीत, पण त्यांनी काही वेगळं ओळखलं होतं असंही नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चालू होतं, हे मला अर्ध्या तासाने कळलं.

चहाच्या सुट्टीत मी लिंबाखाली बसलो होतो. गोमाजी आपला कप घेऊन शेजारी येऊन बसले. आधी तब्येत विचारली, मग पाऊसपाणी, मग म्हणाले, "भाऊ, तो रोही कोन्या बाजूनं आलता?"

मी म्हटलं, "डाव्या."

"पुलावरच?"

"पुलावरच."

"त्या पुलाले तं दोनीकडून भिंत हाय. कमरेएवढी." त्यांनी हाताने माझ्या कमरेएवढी भिंत दाखवली. "अन् खाली कालव्याले पानी असते डिसेंबरात. मंग तो पान्यातून कुदला?"

"कुदला असंल," मी म्हटलं.

गोमाजींनी हाताने भिंतीची उंची पुन्हा मापली. माणूस टोमणा मारत नव्हता रे. त्यांना खरंच रोह्याची काळजी वाटत होती. "चाळीस वर्षं पाहून राह्यलो मी त्याले," ते म्हणाले. "बिचकला तं कुदते, हे खरं हाय. पन पान्यातून भिंतीवर कुदलेला नाई पाह्यला. असंल. सारंच थोडी पाह्यलं मी." आणि कप खाली ठेवून पुढे म्हणाले, "मी याच्यासाठी पुसलं, का सोमवारी मले सुंदराले घेऊन सेवाग्रामले जाचं हाय. महिन्याचे महिन्याले दवाखान्यात न्या लागते तिले. एसटीत उभं राहनं होत नाई आता तिच्यानं. आमच्या रस्त्यानं रोही लय हाय. तू म्हनलं, गाडी झोपवली म्हून दोघं वाचले. तं मी बी झोपवतो. फक्त कोन्या बाजूनं झोपवू तेवढं सांग. तिचा डावा खांदा दुखते."

किशोर, मी कृषी केंद्रात पंधरा वर्षं आहे. गिऱ्हाईक काहीही विचारो, माझ्याकडे उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी रिकामाच कप तोंडाला लावला. समोरचा माणूस बायकोला उजव्या अंगावर आपटायची तयारी करत होता, आणि तेही माझ्या सांगण्यावरून, तिच्या खांद्याची काळजी घेऊन. मी इकडेतिकडे बघितलं. मॅडम दूर होत्या. बबनराव फ्लेक्सच्या दोऱ्या बांधत होते.

मी म्हटलं, "गाडी झोपवू नोका, गोमाजी. रोही आला नव्हता."

"मंग?"

"कोनीच आलं नव्हतं."

"मंग पडला काऊन?"

"आरशात पाहत होतो."

"मांगून गाडी येऊन राह्यलती का?"

"नाई. केस पाहत होतो."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले असते तर बरं झालं असतं; मीही हसलो असतो आणि तो विषय तिथेच मिटला असता. त्यांनी खालचा कप उचलून गाळ मातीत ओतला. मग विचारलं, मागं जो मित्र होता त्याले माहीत हाय का? मी म्हटलं नाई. "नऊ वर्षं?" नऊ वर्षं. तेव्हा गोमाजी उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "मंग मले काय सांगून राह्यला? त्याले सांग." आणि सरळ मॅडमकडे गेले. मला वाटलं आता माझा बाजार उठणार. पण त्यांनी तिथे माझं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, की रस्त्यात जनावर आलं तर काय करायचं. मॅडमनी सांगितलं: जंगलाच्या टप्प्यात मुळातच हळू चालवा, गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक, त्याला चुकवायला वळवावळवी नको. गोमाजी म्हणाले, आणि एक गेला म्हणून लगेच निघायचं नाही, त्याच्या मागून दुसरा येतोच. हे मॅडमनी वहीत लिहून घेतलं. खऱ्या रोह्याबद्दलची शिबिरातली ती एकुलती एक नोंद.

काल समारोप झाला. मैदान भरलं होतं, कारण प्रमाणपत्रांनंतर जेवण होतं. पाठीमागे फ्लेक्स, फ्लेक्सवर मी आणि हरीण. बबनरावांनी मला 'मृत्यूच्या शिंगातून परतलेले' असं म्हणून पुढे बोलावलं. मी रात्रभर ठरवून आलो होतो की सांगायचं. पायरी चढताना ठरवलं की नाही सांगायचं. माइक हातात घेतल्यावर समोर पहिल्या रांगेत गोमाजी दिसले, शेजारी सुंदराबाई. प्रमाणपत्र बघायला त्यांना मुद्दाम आणलं होतं, आणि गाडीवर मागे बसवून आणलं होतं. डावा खांदा पदराने झाकलेला. तेव्हा तोंडून निघून गेलं. म्हटलं, मंडळी, कालव्याच्या पुलावर रोही नव्हता. आदल्या दिवशी मी वर्ध्याला जाऊन नवीन पद्धतीने केस कापून घेतले होते, आणि उजवा आरसा मी स्वतःच आत वळवला होता. पुलावर मी केसांवरून हात फिरवत होतो. एका हातात हँडल होतं, समोर खडी सांडलेली होती, आणि माझं ध्यान आरशात होतं. एवढंच झालं.

आणि लोक हसले रे. पहिल्या दिवशीच्या सुस्काऱ्याच्या दुप्पट हसले. कोणीतरी ओरडलं, "आता कुठं हाय ते केस, भाऊ?" मी टोपी काढून दाखवली, मग तर मैदान लोळलं. (हे मी का केलं मला माहीत नाही. टाळी दिसली की माझा हात जातोच.) बबनरावांनी डोळे पुसत माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाले, नत्थू, रोह्यापेक्षा हे बेस्ट आहे, पुढच्या गावाला हेच सांग. नऊ वर्षांनी एकदा खरं बोललो, तर त्याचाही कार्यक्रम झाला.

हसणं ओसरलं तेव्हा कुंताबाई जागेवरून म्हणाल्या, "अन् त्या पोराचं काय झालं? ज्याची भरती होती?"

मी टोपी परत डोक्यावर घातली. मी म्हटलं, जामला त्याची चहाची टपरी आहे. चांगली चालते. कुंताबाई म्हणाल्या, "ते नाई पुसलं मी." आणि मी खाली उतरलो.

आता तुझ्याशी. त्या दिवशी सेवाग्रामच्या वॉर्डात तू डोळे उघडलेस, तेव्हा तुझा पाय वर टांगलेला होता. मी स्टुलावर बसून एकच वाक्य घोकत होतो: किशोर, चुकलो, माझं ध्यान नव्हतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण तू आधी बोललास. तू विचारलंस, "नत्थू, तुले लागलं का बे?" माझ्या कोपराला खरचटलं होतं, बस. तुला माझी काळजी करताना बघितलं आणि माझ्या तोंडातून रोही बाहेर पडला. तू लगेच म्हणालास, मग तू तरी काय करणार होतास. इतक्या चटकन म्हणालास की मला तो परत आत घालता आला नाही. भरतीच्या दिवशी मी मुद्दाम तुझ्याजवळ येऊन बसलो होतो आणि तू खिडकीबाहेर बघत होतास. पहाटे चारला उठून कालव्याच्या काठाने दोन वर्षं धावला होतास. घड्याळ लावून मीच मोजत होतो, म्हणून मला माहीत आहे तू किती चांगला धावायचास. त्या दिवशी तू मला म्हणालास, जाऊ दे, जिवंत तर आहो. आणि तेव्हापासून टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतोस की नत्थूने गाडी झोपवली म्हणून मी जिवंत आहे. ही गोष्ट तू माझ्यापेक्षा चांगली सांगतोस. मी फक्त समोर बसून चहा पितो, आणि पिताना खाली बघतो. तुला वाटतं मला संकोच वाटतो.

शिव्या द्यायच्या असतील तर दे, फोनवर दे, मी मध्ये बोलणार नाही. टपरीवर यायचं नाही म्हणालास तर येणार नाही. तुझा पाय परत आणून देता आला असता तर कधीच आणला असता असं लिहिणार होतो, पण ते वाक्य नाटकातलं वाटलं. तुला नऊ वर्षं खोटं ऐकावं लागलं, आता निदान नाटक नको.

पिंकीवहिनींना हे तूच वाचून दाखव. माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं तर मी पुन्हा काहीतरी चांगलं करून सांगेन.

तुझा (अजून असेन तर)
नत्थू

ता. क. फार मोठेपणा माझ्या पदरात टाकू नको. काल मैदानात चारशे माणूस होतं, त्यातले निम्मे महिन्यातून एकदा तरी जामच्या चौकात चहा पितात. आठ दिवसांत तुला कळणारच होतं. म्हणून त्यांच्या आधी मी, एवढीच घाई.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. पुढचं शिबिर तुमच्या जामलाच आहे, मंगळवारपासून, शाळेमागच्या पटांगणावर. गुंजन मॅडमना तिथे मागे बसणाऱ्या माणसाकडून चार शब्द हवे आहेत. चालवणारे खूप बोलतात, मागच्याला कोणी विचारत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तुझं नाव दिलं आहे. माइक तुझ्या हातात असेल, वेळेचं बंधन नाही. मी पहिल्या रांगेत बसेन, हेल्मेट घालून.

ता. क. तिसरा. हे लिहू की नको करता करता टेम्पोवाला दारात आला आहे. नाव देताना मॅडमनी विचारलं, किशोरभाऊंना हे सगळं माहीत आहे ना? ते रागावलेले नाहीत ना? आणि किशोर, माझ्या तोंडून निघून गेलं, की माहीत आहे, त्याने मला कधीच माफ केलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेवढं एक खरं करता आलं तर बघ. घाई नाही, मंगळवार सकाळपर्यंत चालेल.